बुडाला नाव नसलेली भांडी

ओलीटा स्पर्लॉक यांच्या लाँड्रीत गिऱ्हाइकांच्या बाकासमोर एक फळी होती आणि फळीवर तीन भांडी. निळ्या कडेच्या भांड्यात कपड्यांचे चिमटे, पांढऱ्यात सुटी बटणं, काचेच्यात साबणाचे उरलेसुरले तुकडे. मला ती लहानपणापासून खटकायची. चिमट्यांना काय, जुना डबाही पुरतो. ही तर पोचवायची भांडी होती.

आमच्या पोस्टओक गावात कुणाकडे मयत झालं की घरोघरून त्या घरी एकेक झाकलेलं भांडं जातं. कुणाची कोंबडी, कुणाचे बटाटे, कुणाचा पीचचा गोड पदार्थ. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव, म्हणजे दुःख ओसरलं की त्या घरच्या बाईला ज्याचं त्याला परत करता येतं. आणि रिकामं परत करायचं नाही, काहीतरी घालूनच द्यायचं. मग ही तीन भांडी परत का गेली नाहीत? नऊ वर्षांची असताना मी विचारलं होतं.

"उलटं करून बघ," मिस ओलीटा म्हणाल्या.

मी निळं भांडं उलटं केलं. सगळे चिमटे जमिनीवर. बुडाला काहीच नव्हतं.

"नाव असतं तर केलं असतं परत. आता चिमटे वेच."

गावात लहानथोर सगळे त्यांना 'मिस ओलीटा' म्हणायचे. लग्न झालं नव्हतं. उंच, हाडापेराने रुंद, हात कोपरापर्यंत लाल आणि बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी लाँड्री काढली आणि तेव्हापासून गावाचा एकही डाग त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिला नाही. ज्यांनी त्यांच्या आईला चर्चमध्ये शेजारी बसू दिलं नाही, त्यांच्या आतल्या कपड्यांपर्यंतचं सगळं त्यांना ठाऊक होतं. कधी कुणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. सोमवारी गाव कपडे धुतं म्हणून सोमवारी लाँड्री पहाटे पाचला उघडायची. आणि रविवारी दार बंद. रविवारी आमच्याकडे कुणीच धूत नाही. सांडलेली कॉफीसुद्धा सोमवारपर्यंत टेबलक्लॉथवर तशीच.

आईबद्दल विचारलेलं त्यांना चालायचं नाही. विचारायची गरजही नव्हती, कारण पोस्टओकमध्ये ते पाळण्यातच ऐकवतात: तेहतीस सालच्या ऑक्टोबरात झेल्मा स्पर्लॉकने टॉलिव्हर बंधूंना जेवू घातलं, आपल्या बिछान्यात झोपवलं आणि रविवारी सकाळी अंगणात पांढरी चादर लावून पोलिसांना खूण केली.

एम्स आणि लॉइड टॉलिव्हर. बँका लुटायचे आणि निघताना गहाणखतं अंगणात आणून पेटवायचे. अर्ध्या तालुक्याची शेतं त्या राखेतून सुटली होती. त्यांना ज्याने पकडून दिलं त्याला आमचं गाव माफ करणार? झेल्माबाई एकसष्ट साली वारल्या. त्यांच्या दारात भांडी आली तीन. ठेवणारं कुणी दिसलं नाही.

*

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये सिनेमावाले आले.

कॅलिफोर्नियाहून सॉल रेडनिक नावाचा गृहस्थ आला. दोन गाड्या, नऊ माणसं, तीन नट आणि एक कॅमेरा. टॉलिव्हर बंधूंवर सिनेमा, बारा दिवसांत पुरा. दिग्दर्शक तोच, लेखक तोच, निर्माता तोच, आणि ड्रायव्हर आजारी पडला की गाडीही तोच चालवायचा. मी तेव्हा टल्साला दोन वर्षं नाटक शिकून घरी परतले होते आणि आई टायपिंग शीक म्हणून मागे लागली होती. मी सरळ सॉलपुढे जाऊन उभी राहिले.

"काय येतं?"

"अभिनय."

"ते सोडून."

"शिवण."

"नाव?"

"नेल्डा."

"नेल्डा, कपडे तुझे. कुठल्या प्रसंगात कुणाच्या शर्टाची किती बटणं उघडी होती ते लिहून ठेवायचं. जेवण मिळेल."

कपडे माझे म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी कळलं. प्रत्येक कपडा एकच होता. लॉइडचा शर्ट एक, एम्सचा कोट एक. शर्टाच्या आत छोटा फटाका आणि लाल पाण्याची पिशवी बांधायची, फटाका फुटला की रक्त. मग दृश्य बिघडलं की शर्ट धुवा, वाळवा, भोकाला ठिगळ लावा, पुन्हा मरा. लॉइड एका दिवसात चारदा मेला. रक्त म्हणजे मक्याचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. तालुक्यातल्या सगळ्या माश्या आमच्या सिनेमात फुकट काम करत होत्या.

मी गाठोडं घेऊन लाँड्रीत पळाले. मिस ओलीटांनी शर्ट नाकाशी नेला, मग जिभेचं टोक लावलं.

"पॅनकेकवर छान लागेल," त्या म्हणाल्या.

"निघेल ना?"

"हे? हे गरम पाण्याने निघेल. खरं रक्त गरम पाण्याने बसतं, कायमचं. त्याला थंड पाणी, मग मीठ आणि मग..." त्या थांबल्या. "हा झगा कुणाचा?"

गाठोड्यात खाली पिठाच्या पोत्याचा झगा होता, पिवळ्या फुलांचा. माझी जीभ घसरली. "झेल्... म्हणजे, शेतकऱ्याच्या बायकोचा."

त्यांनी झगा उजेडात धरला. "तेहतीस साली पोत्यांवर फुलं नव्हती, पोरी. फुलं नंतर आली. तेव्हा गिरणीचं नाव असायचं, निळ्या अक्षरांत. चरबी चोळून भिजवा, उकळा, आपटा, जायचं नाही. चौथीपर्यंत माझ्या चड्डीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं, 'उत्तम प्रतीचे, आपोआप फुगणारे'."

मी हसायला लागले. त्याही हसल्या, पण डोळे झग्यावरच.

"सिनेमात नाव काय ठेवलंय हिचं?"

"मार्था."

"आणि मार्था करते काय?"

त्यांनी हात पुढे केला. मी पिशवीतून सॉलची टंकलिखित वही काढून एकसष्टावं पान दिलं. मार्था अंगणात येते. टेकडीकडे पाहते. पांढरी चादर दोरीवर लावते. टेकडीवर पोलिसांच्या गाडीची काच चमकते. पुढल्या पानावर शेरिफ तिच्या हातात बक्षिसाचं पाकीट ठेवतो, आणि ती म्हणते, 'देव मला क्षमा करो, पण मुलीला बूट हवेत.'

मिस ओलीटांनी ते बोट ठेवून ठेवून वाचलं.

"चादर पिळून घालते की तशीच, ते लिहिलेलं नाही," एवढंच म्हणाल्या.

"मिस ओलीटा, खरंच झालं होतं का असं?"

त्या शर्टाकडे वळल्या. नळ सोडला. मग पाठमोऱ्याच बोलल्या.

"गावातली कुजबुज गावातच जन्मते आणि म्हाताऱ्यांबरोबर मरते. मी हिशोब धरून होते, अजून वीसेक वर्षं, मग आठवणारं कुणी उरणार नाही. आई सुटेल. आता हा बाबा तिला डब्यात भरणार आणि देशभर दाखवत हिंडणार. नाव मार्था ठेवलं म्हणून काय झालं? इथलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल."

"मग सांगा ना त्याला, खरं काय ते!"

"शर्ट उन्हात घाल. आणि सरळ बाजू आत. रंग उडेल."

*

त्यानंतरचे दहा दिवस, मधला रविवार सोडला तर, मी रोज गाठोडं नेत होते आणि रोज विचारत होते. मला नाटकात शिकवलं होतं की पात्राला एकच प्रश्न विचारायचा: तुला काय हवंय? मिस ओलीटांना काय हवंय ते मला कळत होतं. आईवरचा डाग निघायला हवा होता. मग त्या बोलत का नव्हत्या? डाग काढण्यात ज्यांचा हात तालुक्यात कुणी धरू शकत नव्हतं, त्यांचाच हात इथे का अडत होता?

शेवटचा दिवस रविवार ठरला. दुकानं बंद, रस्ता मोकळा, कुणाला भाडं द्यायला नको, म्हणून सॉलला रविवार फार आवडायचा. चर्च सुटल्यावर गर्दीच्या दृश्याला गावकरी येणार होते. जेवण फुकट म्हटल्यावर पाद्रीबुवांनाही त्यात पाप दिसेना. आणि त्याच दिवशी पान एकसष्ट. शनिवारी दुपारी सॉलने मला पिटाळलं, "चादर आण. पांढरी, जुनी. उसनी."

मी लाँड्रीत जाऊन म्हटलं, "मिस ओलीटा, चादर मागायला आलेय. पण माझ्या हातून ती जाणार नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय तर नाहीच."

"ताकाला आलीस, भांडं तरी लपवलं नाहीस," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या. त्यांना त्या बाकावर बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"शनिवारीच आले होते ते दोघे. बाबा तेलाच्या विहिरींवर, महिना महिना बाहेर. लॉइडच्या कुशीत गोळी. आईने विचारलं नाही कोण, कुठले. आमच्याकडे आधी वाढायचं, नाव नंतर. त्याला तिच्या बिछान्यावर निजवलं, तिच्या लग्नातल्या चादरीवर. तीच एक धड चादर होती घरात. सकाळी चादर बघितलीस तर... मी बारा वर्षांची. आई म्हणाली, ओली, थंड पाण्यात घाल, मीठ चोळ, आणि चुलीमागे पसर. बाहेर नेऊ नकोस. आज रविवार आहे."

"आणि?"

"मी घासली. तासभर घासली. सगळं निघालं, एक तळहाताएवढं पिवळं राहिलं. आणि पोरी, आईनेच शिकवलं होतं मला, शेवटचा डाग पाण्याने जात नाही, ऊन काढतं. बाहेर ऊन असं पडलं होतं... मला वाटलं, आई लॉइडच्या उशाशी आहे, तिला कळायच्या आत तासाभरात पांढरीशुभ्र करून घडी घालून ठेवेन. खूश होईल."

"रविवार विसरलात तुम्ही."

"विसरले नाही," त्या म्हणाल्या. "रविवार आठवत होता. पण डागही दिसत होता."

रविवारी, चर्चला जायच्या रस्त्याकडेला, भर उन्हात, दोरीवर चादर. आमच्या तालुक्यात ती अर्ध्या मैलावरून ओरडून सांगणार, या घरात काहीतरी विपरीत आहे. अकरा वाजता पोलीस आले. साडेअकराला दोघे भाऊ अंगणात पडले होते.

"आईने मला कोठीत ओढलं आणि दोन्ही खांदे धरून म्हणाली, चादर मी घातली. कुणी विचारलं तर मी. तुला या गावात मोठं व्हायचंय, लग्न करायचंय. ते पाप माझ्या नावावर राहू दे, माझे केस पिकलेत. आणि मी," मिस ओलीटा आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "राहू दिलं. एक्केचाळीस वर्षं. लग्न तर काही झालं नाही."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. शेवटी त्याच उठल्या, मागून एक जुनी चादर आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ने. उद्या मीही येईन. कपडे सांभाळायला कुणी हवं ना तुला?"

*

रविवारी एक वाजता गाव टेकडीखालच्या जुन्या घरापाशी जमलं. चाळीसेक बायका चर्चच्या टोप्या घालून, पुरुष बाह्या सावरत. घडीच्या खुर्चीवर ओरव्हिल नॅश बसले होते. तेहतीस साली ते शेरिफच्या हाताखाली होते आणि त्या धाडीतले एकटेच जिवंत, म्हणून सॉलने त्यांना सल्लागार नेमलं होतं. अकरा दिवसांत त्यांनी एकच सल्ला दिला होता, "एम्स डावखुरा होता." त्यांच्या मागे त्यांची बायको वायोला, कागदी पंख्याने वारा घेत.

मार्था झालेल्या नटीचं नाव फिलिस क्रेन. चांगली होती बिचारी, चार वाजताच्या बसने तिला परत जायचं होतं. तिने चादर घेतली, टेकडीकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि चादर दोरीवर अशी टाकली की एक टोक जमिनीवर आणि दुसरं तिच्या डोक्यावर.

बायकांत खसखस पिकली.

"कट!" सॉल ओरडला. "फिलिस, राणी, कपडा वाळत घातला नाहीस का कधी?"

"आमच्याकडे मशीन आहे," फिलिस चादरीतून म्हणाली.

दुसऱ्या वेळी चिमटे मधोमध लावले. चादरीची झोळी झाली. तिसऱ्या वेळी दोरीच सुटली. कॅमेरावाला म्हणाला, "सॉल, फिल्म संपत आलीय."

सॉल गर्दीकडे वळला. "चाळीस बायका उभ्या आहात! कुणीतरी दाखवा हिला! एकजण या, दोन मिनिटांचं काम!"

कुणी हललं नाही.

"काय झालं? बायांनो, चादर आहे, साप नाही!"

एक म्हातारी खाकरली. "रविवार आहे, मिस्टर."

"अहो खोटं आहे! सिनेमा आहे!"

"रविवार खरा आहे."

वायोला नॅशचा पंखा तेवढा हलत होता. सॉल डोक्याला हात लावून उभा. खोट्या खुनांना टाळ्या देणारं गाव खोट्या धुण्याला हात लावायला तयार नव्हतं. आणि माझ्या शेजारून कपड्यांचं गाठोडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी घालते," मिस ओलीटा म्हणाल्या. "मी पूर्वीही घातलीय. रविवारीच."

पंखा थांबला.

त्या दोरीपाशी गेल्या. "पण अशी कोरडी नाही. नेल्डा, बादली. आणि ते तुमचं पॅनकेकचं रक्त आण." त्यांनी चादरीवर रक्त ओतलं, बादलीत बुडवली आणि गुडघ्यावर बसून घासायला लागल्या. घासता घासता बोलत होत्या, मान वर न करता, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. शनिवारी मला जे सांगितलं तेच. चुलीमागे पसर म्हणाली होती. बाहेर नेऊ नकोस म्हणाली होती. मी नेली. आई नव्हती ती, मी होते. खूण नव्हती, डाग होता.

"आणि आईने स्वतःवर घेतलं," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि मी घेऊ दिलं. आता ज्याला जे म्हणायचं ते मला म्हणा. तिला जाऊन तेरा वर्षं झाली."

सगळ्यांच्या नजरा चादरीवर. गर्दीचं काम करायला आलेली माणसं होती ती, आणि सॉलला बारा दिवसांत मिळाली नव्हती तशी गर्दी ती पहिल्यांदाच झाली होती.

सॉलनेच तोंड उघडलं. "थांबा, थांबा. म्हणजे मार्थाने फितुरी केलीच नाही?"

"नाही."

"मग पोलिसांना सांगितलं कुणी? कुणीतरी सांगितल्याशिवाय..."

"पेपरात तसं आलं होतं," ओरव्हिल नॅश खुर्चीतून म्हणाले. "शेरिफ म्हणाला, खात्रीची खबर होती. खबरबिबर काही नव्हती. बक्षीसही कुणी घेतलं नाही." एवढं बोलून त्यांनी हॅट काढली आणि मांडीवर ठेवली. "वायोला, राहू दे. तू बोलू नकोस."

"एक्केचाळीस वर्षं नाही बोलले, ओरव्हिल," वायोला नॅश म्हणाल्या. त्या मागून पुढे आल्या होत्या, पंखा छातीशी धरून. "आम्ही गाडीतून चर्चला चाललो होतो. मी चादर बघितली. मी म्हटलं, अरे देवा, झेल्माकडे रविवारी धुणं? कुणीतरी आजारी आहे तिथे, पोर आजारी असेल. परत जाऊन कोंबडी शिजवते आणि नेऊन देते. तर हा म्हणाला, आधी मी बघून येतो." त्या मिस ओलीटांकडे वळल्या. "मी फक्त कोंबडी नेणार होते, ओली."

मिस ओलीटांनी पहिल्यांदा मान वर केली. हातातून पाणी गळत होतं.

"मला कुठे ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"मला तरी कुठे ठाऊक होतं? गाव म्हणालं झेल्माने खूण केली, मी म्हटलं, असेलही. बरंच वाटलं मला. सुटल्यासारखं."

कॅमेरावाला हळूच पुटपुटला, "सॉल, मी चालू ठेवू का?"

"किती फिल्म आहे?"

"नुसते हात घेतले तर पुरेल. भाषण घेतलं तर नाही."

सॉलने एकसष्टावं पान बघितलं, बासष्टावं बघितलं, घड्याळ बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं असेल असं समजू नका. "देव मला क्षमा करो, ते कापा. पाकीट कापा. फिलिस, तुला दोनची बस मिळेल. बाईसाहेब, तुमचे हात, फक्त हात. डाग कॅमेऱ्याकडे येऊ द्या."

"नाही," मिस ओलीटा म्हणाल्या. "डाग आत. डाग आतच घालतात."

"बरं, आत."

त्यांनी चादर पिळली, झटकली. तो फटकारा मला अजून ऐकू येतो. मग एक टोक, चिमटा, ताण, दुसरं टोक, चिमटा. मधून खाली एकदा तळहात फिरवला, जसा पोराच्या पाठीवरून फिरवतात. चादर सरळ उभी राहिली.

*

सिनेमा पुढच्या वसंतात लागला आणि दोन आठवड्यांत उतरला. टल्साच्या पेपरात त्यावर सहा ओळी आल्या, त्यातली एक अशी की ऐन रंगात आलेला गोळीबार सोडून दिग्दर्शक पाऊण मिनिट कुणाचे तरी म्हातारे हात चादर वाळत घालताना का दाखवतो, हे कोडं उलगडत नाही. पोस्टओकमध्ये ते कुणालाही कोडं वाटलं नाही. आमच्याकडे सिनेमा उघड्या मैदानात, मोटारीत बसून बघतात. त्या पाऊण मिनिटात मोटारींच्या रांगांतून एकही हॉर्न वाजला नाही, आणि आमच्याकडची पोरं एरवी हॉर्न वाजवायलाच तिथे जातात.

पण मला सांगायचंय ते शूटिंगच्या दुसऱ्या दिवसाचं, त्या सोमवारचं.

सिनेमावाले गेले होते. मी लॉइडचा शर्ट शेवटचा धुवायला आणला होता, सॉल विसरून गेला होता तो. सकाळचे सात. लाँड्री भरलेली, बाकावर पाच बायका. सगळ्यांची गाठोडी जरा जास्तच नीट बांधलेली. वायोला नॅश आत आल्या. हातात गाठोडं नाही. त्या सरळ फळीपाशी गेल्या.

"निळं माझं," त्या म्हणाल्या.

मिस ओलीटा इस्त्री करत होत्या. इस्त्री उभी ठेवली.

"एकसष्ट सालचं," वायोला म्हणाल्या. "पट्टी लावली होती मी, खरंच. नावसुद्धा लिहिलं होतं. मग तुझ्या पायरीवर ठेवताना काढून टाकली. घरी जाऊन हात बघितला तर पट्टी बोटाला चिकटलेली."

"कोंबडी होती त्यात," मिस ओलीटा म्हणाल्या. "आणि पिठाचे गोळे. मीठ कमी होतं."

"माझ्यात कमीच असतं."

"छान होती पण."

"मी घेऊन जाऊ का, भांडं?"

मिस ओलीटांनी निळं भांडं फळीवरून काढलं. तेरा वर्षांचे चिमटे माझ्या ओच्यात ओतले, भांडं थंड पाण्याने विसळलं, ॲप्रनने पुसलं. बाक बघत होता. मग त्या मागच्या खोलीत गेल्या, जिथे त्यांची दुपारच्या जेवणाची शेगडी असायची, आणि भांडं झाकून घेऊन आल्या. वाफ येत होती.

"शेंगा आहेत फक्त. उरलेलं हॅम घातलंय. आज भांडं येईल म्हणून ठाऊक नव्हतं, नाहीतर काहीतरी गोड केलं असतं."

वायोलाबाईंनी भांडं दोन्ही हातांनी धरलं. बाहेर जाताना दारात त्या थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "काचेचं कुणाचं आहे ते मला ठाऊक आहे."

"मलाही," मिस ओलीटा म्हणाल्या. "येईल ती."

बाकावरच्या पाच बायकांपैकी एकीने आपलं गाठोडं मांडीवर जवळ ओढलं आणि खाली बघायला लागली. मिस ओलीटांनी इस्त्री उचलली, बोट ओलं करून तिच्यावर टेकवलं, आणि चर्र वाजल्यावर म्हणाल्या, "नेल्डा, ते चिमटे डब्यात टाक. आणि पुढचं कोण?"